कोल्हापूर ते नागपूर विमानानं: किलोमीटर किती आणि तास किती? (वाचकांचे प्रश्न)

कोल्हापूर-नागपूर थेट विमान मे २०२५ मध्ये सुरू झालं तेव्हापासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांत विमानाचे प्रश्न वाढलेत. त्यातले बरेचसे फिरून फिरून एकाच जागी येतात, अंतर नक्की किती आणि वेळ नक्की किती. म्हणून यावेळी बाकी सगळं बाजूला ठेवून तेवढंच घेतलंय.

प्रश्न : मुलगी नागपूरला शिकायला आहे. नेटवर एका ठिकाणी कोल्हापूर-नागपूर ७०० किमी दाखवतं, गाडीवाला साडेआठशे म्हणतो, आणि रेल्वेनं गेलो तर बाराशे. यातलं खरं कुठलं? (एक वाचक, गडहिंग्लज)

तिन्ही खरी आहेत हो, मोजायच्या वाटा वेगळ्या आहेत एवढंच.

रेल्वेचं आधी बघू कारण गंमत तिथंच जास्त आहे. महाराष्ट्र एक्सप्रेस कोल्हापुरातून निघते ती मिरज, सातारा करत पुण्याला जाते, मग दौंड, मग अहिल्यानगरवरून (जुनं अहमदनगर) वर मनमाड, तिथून जळगाव, भुसावळ, अकोला, बडनेरा, वर्धा आणि मग नागपूर. म्हणजे आधी उत्तरेला जायचं आणि मग काटकोनात वळून पूर्वेला. त्याचे होतात बाराशे किलोमीटरच्या वर आणि एक अख्खा दिवस जाऊन वर थोडं. दुसरी एक गाडी आहे पंढरपूर, लातूर, परळी, हिंगोली, अकोला अशी जाणारी, तिचा रस्ता बराच सरळ आहे पण ती रोज नसते. रस्त्यानं सोलापूर, तुळजापूर, लातूर, नांदेड, यवतमाळ, वर्धा असं गेलं तर सव्वाआठशे-साडेआठशेच्या आसपास, मधे कुठं बायपास घेता त्यावर आकडा थोडा इकडेतिकडे होतो.

आणि ७०० म्हणजे हवाई अंतर, उजळाईवाडीच्या धावपट्टीपासून नागपूरच्या सोनेगावच्या धावपट्टीपर्यंत सरळ रेघ. हे तुम्हाला घरीच काढता येतं, ॲप नको की काही नको. कोल्हापूर विमानतळाचा अक्षांश १६.६६ आणि रेखांश ७४.२९, नागपूरचा २१.०९ आणि ७९.०५. अक्षांशातला फरक ४.४३, एक अक्षांश म्हणजे साधारण १११ किमी, म्हणजे उत्तरेकडे ४९२ किमी झाले. रेखांशातला फरक ४.७६, पण एक रेखांश विषुववृत्तावर १११ किमी असला तरी जसजसं वर जावं तसा तो आखडत जातो, आपल्याकडे या पट्ट्यात तो साधारण १०५ धरायचा, म्हणजे पूर्वेकडे ५०० किमी. आता शाळेतला पायथागोरस काढा, ४९२ चा वर्ग अधिक ५०० चा वर्ग आणि त्याचं वर्गमूळ. उत्तर येतं ७०१. पृथ्वी गोल आहे म्हणून एवढ्याशा अंतरात फार काही फरक पडत नाही, मुंबई-न्यूयॉर्क काढायचं असेल तर मात्र ही युक्ती चालणार नाही.

योगायोग बघा, मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गाची लांबीसुद्धा ७०१ किलोमीटरच आहे. आणि मुंबई-नागपूर हवाई अंतर? ६८५ च्या आसपास. म्हणजे नागपूरला मुंबई आणि कोल्हापूर जवळजवळ सारखेच लांब आहेत, पण मुंबईला दिवसाला कितीतरी विमानं आणि कोल्हापूरला आत्ता कुठं थेट सोय झाली. मी तर पुढं जाऊन सांगतो, कोल्हापूर विमानतळापासून हैदराबाद ४५० किमी, बंगळूर ५३०, आणि आपल्याच राज्यातलं नागपूर ७०१. नागपूरकरांनाही हैदराबाद ४३० आणि भोपाळ तर ३०० वरच. १९५३ च्या नागपूर कराराप्रमाणे दरवर्षी एक अधिवेशन नागपुरात घ्यायचं ठरलं, त्यामुळे डिसेंबर आला की आमच्याकडचे आमदार, त्यांचे पीए, मोर्चेवाले, निवेदनं घेऊन जाणारे सगळे एवढं अंतर कापत आलेत, तेही आजवर बहुतेक गाडीनं नाहीतर रेल्वेनंच.

प्रश्न : हे विमान कुठल्या कुठल्या गावांवरून जातं? खिडकीची सीट घेऊन काही दिसेल का? (एक वाचक, हातकणंगले)

नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारा, बघा काय येतं. सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यावरून रेघ पंढरपूरच्या अगदी जवळून जाते, मग बार्शी डावीकडे ठेवत थेट परळी वैजनाथ. परळी-गंगाखेडच्या मधे कुठंतरी बरोब्बर निम्मं अंतर होतं. पुढं हिंगोली आणि नांदेडच्या मधून यवतमाळ, मग वर्धा, की नागपूर आलंच. विठोबा, वैजनाथ, औंढा नागनाथ आणि सेवाग्राम एका रेघेच्या आसपास, यात्रा कंपनीवाल्यांनी सुद्धा एवढा चांगला रूट काढला नसता.

पण विमान काही पट्टीवरून जात नाही. ठरलेले हवाई मार्ग असतात, हवाई दलाचे काही भाग टाळायचे असतात, पावसाळ्यात मोठा ढग उभा राहिला तर पायलट वळसा घालतो. त्यामुळे पाच-दहा टक्के अंतर वाढलं असं धरून चला. हिवाळ्यातली सकाळ असेल, हवा स्वच्छ असेल तर उजनीचं पाणी डावीकडं लांबवर दिसायला हरकत नाही, जूनमध्ये मात्र खिडकीतून फक्त पांढरं.

प्रश्न : तिकिटावर जवळजवळ दीड तास लिहिलंय. विमानात बसल्यावर पायलटनं सांगितलं की उड्डाणाचा वेळ एक तास पाच मिनिटं. मग उरलेला वेळ कुठं गेला? कंपन्या मुद्दाम वाढवून लिहितात का? (एक वाचक, इचलकरंजी)

मुद्दाम, होय, पण त्यात फसवणूक नाहीये. निदान पूर्ण नाही.

पायलट सांगतो तो हवेतला वेळ, चाकं जमिनीवरून सुटली ते परत टेकली तोपर्यंत. तिकिटावर असतो तो ब्लॉक टाइम, म्हणजे विमान उभं असताना चाकांना लावलेल्या अडण्या काढून ते जागचं हललं तिथपासून, दुसरीकडं जाऊन थांबलं आणि परत अडण्या लागल्या तिथपर्यंत. या दोन्हींच्या मधे टॅक्सी करणं (म्हणजे विमान जमिनीवरून चालत धावपट्टीपर्यंत जाणं), रांगेत थांबणं, परवानगीची वाट बघणं हे सगळं येतं. छोट्या विमानतळावर धावपट्टीला समांतर टॅक्सीवे नसला की विमानाला धावपट्टीवरूनच शेवटपर्यंत चालत जायचं, तिथं वळायचं आणि मग टेकऑफ, त्यात पाच मिनिटं सहज जातात.

शिवाय वारा. विमान शक्यतो समोरून वारा घेऊन उडतं आणि उतरतं. कोल्हापूरची धावपट्टी ०७/२५ आहे, म्हणजे एक टोक साधारण ७० अंशाकडे, पूर्वेला तोंड करून, आणि दुसरं २५० अंशाकडे, पश्चिमेला. नागपूर आहे ईशान्येला. वारा पूर्वेकडून असेल तर विमान उडालं की जवळजवळ नागपूरच्याच दिशेनं तोंड असतं, छान. पण पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून, मग उडायचं पश्चिमेला आणि तिथून वळून परत मागं यायचं. तेवढी मिनिटं वाढली. आणि वर चढताना पहिल्या दहा हजार फुटांपर्यंत २५० नॉटची मर्यादा असते, ताशी साधारण ४६३ किमी, त्यामुळे पुस्तकात दिलेला वेग सुरुवातीला आणि शेवटी मिळतच नाही. ७०१ भागिले ८०० असं गणित करून ५३ मिनिटं काढणाऱ्यांचं इथं चुकतं.

आता कंपनीची चलाखी. वेळेवर पोचलं की नाही हे मोजताना वेळापत्रकापेक्षा १५ मिनिटांपर्यंतचा उशीर चालतो. त्यात वेळापत्रकच जरा सैल धरलं की उशिरा निघालेलं विमान सुद्धा वेळेवर पोचतं आणि एअर होस्टेस माईकवर अभिमानानं सांगते की आपण वेळेआधी आलोय. माझं मत विचाराल तर हे बरंच आहे. मला एकवेळ दहा मिनिटं आधी पोचलेलं चालेल, पण पुढची गाडी चुकायला नको.

प्रश्न : अमरावती-मुंबई विमान सुरू झालं याचा आनंद आहे, पण त्याला पावणेदोन तास लागतात आणि नागपूर-मुंबई त्याहून लांब असून दीड तासात होतं. असं कसं? (एक वाचक, बडनेरा)

कारण विमान वेगळं. अमरावतीच्या बेलोऱ्याला एप्रिल २०२५ पासून येतं ते एटीआर ७२, पंख्याचं. मुंबई-अमरावती हवाई अंतर ५४० किमीच्या आसपास, आणि एटीआर ताशी ५०० किमीच्या जवळपास चालतं. नागपूरला येतात ती जेट, ताशी आठशेच्या वर. मोठ्या अंतरावर हा फरक चांगलाच जाणवतो, आणि वर मुंबईला उतरायची रांग दोघांनाही सारखीच. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एका वेळी वापरता येत नाहीत आणि एवढी सगळी विमानं व्यवहारात एकाच धावपट्टीवर. म्हणून मुंबईच्या बाजूच्या कुठल्याही तिकिटात वेळ थोडा फुगवलेलाच असतो.

पण पंख्याच्या विमानाला नावं ठेवू नका. तीनशे-साडेतीनशे किलोमीटरपर्यंत जेट आणि एटीआर यांच्यात दहा-बारा मिनिटांचाच फरक पडतो, कारण जेट वर चढून वेग पकडेपर्यंत उतरायची वेळ येते. इंधन एटीआरला बरंच कमी लागतं आणि धावपट्टीही आखूड चालते. बेलोऱ्याची धावपट्टी १८५० मीटर, कोल्हापूरची वाढवून १९३० मीटर झाली, आधी १३७० च होती. जळगावची १७००. अशा ठिकाणी १८० सीटचं एअरबस भरून उतरवणं अवघड असतं. म्हणून एकतर सत्तरेक सीटचं एटीआर नाहीतर एम्ब्रेअर १७५ सारखं ७६ सीटचं छोटं जेट. कोल्हापूर-नागपूरला हे एम्ब्रेअर आलं म्हणून वेळ वाचला, तिथं एटीआर लावलं असतं तर दोन तासांच्या पुढं गेलं असतं.

प्रश्न : मोबाईल फ्लाइट मोडवर ठेवून जीपीएसचं ॲप लावलं होतं. जानेवारीत नागपूरला जाताना वेग ८७० दाखवत होता, येताना ७४०. विमान तेच. ॲप खराब आहे का? (एक वाचक, कागल)

ॲप एकदम बरोबर आहे. जीपीएस जमिनीच्या हिशोबानं वेग दाखवतं, आणि विमान चालतं हवेत. हिवाळ्यात वर दहा-अकरा किलोमीटरवर वारा पश्चिमेकडून जोरात असतो, जाताना तो पाठीमागून ढकलतो आणि येताना समोरून अडवतो. तुमच्या दोन आकड्यांची सरासरी ८०५, फरकाचा निम्मा ६५. म्हणजे विमानाचा स्वतःचा वेग साधारण ८०५ आणि विमानाच्या वाटेवर वाऱ्याचा जोर ६५ (वारा तिरका असल्यानं त्याचा पूर्ण वेग याहून जास्त), तुम्ही घरबसल्या वाऱ्याचा जोर मोजलात की. पावसाळ्यात तेवढ्याच उंचीवर वारा उलटा, पूर्वेकडून वाहतो, तेव्हा नागपूरहून येणारं विमान जरा लवकर पोचेल. जुलैत परत एकदा मोजा आणि कळवा.

प्रश्न : कोल्हापूर-मुंबई विमान एका तासात पोचतं म्हणतात. खरंच वेळ वाचतो का? आमच्या घरात यावरून वाद आहे. (एक वाचक, कोल्हापूर, राजारामपुरी)

वाद चालू द्या, दोन्ही बाजू बरोबर असणार.

हवाई अंतर ३०८ किमी, रस्त्यानं पावणेचारशे-तीनशे ऐंशी, रेल्वेनं ५१८. विमान एक तास. पण राजारामपुरीतून उजळाईवाडीला वीस-पंचवीस मिनिटं, काउंटर बंद व्हायच्या आत पोचायचं म्हणजे दीड तास आधी, उतरल्यावर बॅगेची वाट बघा, मग मुंबईत विमानतळावरून पुढं. घर ते घर चार तासांच्या खाली येत नाही. मुंबईत काम अंधेरी-बीकेसीला असेल तर विमान जिंकलं, कारण गाडीनं सात-आठ तास आणि वर ट्रॅफिक. काम फोर्टात सकाळी अकराला असेल तर महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्री झोपून सकाळी सीएसएमटीला उतरलेला माणूस जिंकला, त्याचा दिवसातला एकही तास गेला नाही आणि हॉटेलही वाचलं. ठाणे, पनवेलला जायचं असेल तर मी विमानाचा विचारच करणार नाही.

नागपूरला मात्र हा प्रश्नच येत नाही. घर ते घर धरलं तरी चार-साडेचार तास, विरुद्ध रेल्वेचा एक दिवस. नागपूरचा विमानतळ गावाला लागूनच आहे आणि वर्धा रोडवर मेट्रोचं एअरपोर्ट स्टेशन आहे, टर्मिनलपासून तिथपर्यंत थोडं जावं लागतं पण एकदा मेट्रोत बसलं की सीताबर्डी जवळ.

जाता जाता, नागपूर मधोमध असण्याचा फायदा टपाल खात्यानं फार आधी ओळखला होता. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून चार विमानं मध्यरात्री नागपुरात यायची, टपालाच्या पिशव्या एकमेकांत बदलायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परत. आजकाल ज्याला हब म्हणून मिरवतात ते हेच की.

प्रश्न : सरकारच्या उडान योजनेत एका तासाच्या विमानप्रवासाला २५०० रुपये असं ऐकलं होतं. मला साडेपाच हजार पडले. कुणी खाल्ले? (एक वाचक, जयसिंगपूर)

बहुतेक कुणी खाल्ले नाहीत. २०१७ मध्ये उडानची पहिली विमानं उडाली, त्याच दिवशी शिमला-दिल्लीबरोबर नांदेड-हैदराबादही सुरू झालं होतं, तेव्हा साधारण एक तास किंवा ५०० किमीला २५०० अशी कमाल मर्यादा होती. पण ती मर्यादा विमानातल्या सगळ्या सीटांना कधीच नव्हती, साधारण निम्म्या सीटांना, आणि त्याही जास्तीत जास्त ४०. त्या आधी बुक करणाऱ्यांना मिळतात. अंतर वाढलं की मर्यादाही वाढते आणि मूळ आकडा नंतर सुधारलाही गेला. सरकार कंपनीला तूट भरून देतं ती तीन वर्षं, ती संपली की भाडं बाजारभावानं. आणि तुमचा मार्ग उडानमध्ये नसेलच तर मर्यादेचा प्रश्नच नाही. महिनाभर आधी बघा, फरक दिसेल.

प्रश्न : सावंतवाडीहून चिपी (सिंधुदुर्ग) विमानतळ जवळ की मोपा (गोवा)? आणि या दोघांत विमान आहे का? (एक वाचक, सावंतवाडी)

दोन्ही विमानतळांमधलं हवाई अंतर पन्नास किलोमीटरसुद्धा नाही. एवढ्यासाठी विमानात बसाल तर बेल्ट लावेपर्यंत उतरायची वेळ येईल. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांमधे वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे असं पावणेतीन किलोमीटरचं रोजचं विमान आहे आणि ते दोन मिनिटांच्या आत पोचतं, पण तिथं मधे समुद्र आहे, तुमच्याकडे हायवे आहे. सावंतवाडीकरांनी चिपी-मोपा असा वाद न घालता ज्या दिवशी जिथून हव्या त्या गावाचं विमान असेल तिथं जावं. मोपाला विमानं जास्त, चिपीला कमी, तिकीट काढायच्या आधी दोन्हीकडचं बघा.

प्रश्न : आईचं वय ७४, गुडघे दुखतात. तिला नागपूरला भावाकडे पाठवायचंय. थेट विमान रोज नाही असं कळलं. मुंबईवरून बदलून पाठवू का? (एक वाचक, गारगोटी)

नको, ताई. मुंबईमार्गे म्हणजे ३०८ अधिक ६८५, जवळपास हजार किलोमीटर, पण त्रास किलोमीटरचा नाहीच, मधल्या थांब्याचा आहे. दोन वेगवेगळी तिकिटं असली तर बॅग बाहेर घ्या, परत आत द्या, कदाचित टर्मिनल बदला, आणि पहिलं विमान लेट झालं तर दुसऱ्याचे पैसे गेले. आई एकटी असेल तर हे नकोच. त्यापेक्षा दोन-तीन दिवस मागंपुढं करून थेट विमानाचा वार गाठा. वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं, मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, त्यामुळे कुणी मागच्या वर्षी गेलं होतं त्याच्या सांगण्यावर जाऊ नका, कंपनीच्या साइटवर त्या तारखेचंच बघा.

तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागून घ्या, ती विमानतळावर ऐनवेळी मागितली तर वाट बघावी लागते. विमानाला जिना लावतात तिथं चढायचं कसं हेही तेव्हाच विचारा, चालता येतं पण जिना चढता येत नाही असं स्पष्ट सांगा, त्याची नोंद वेगळी होते. आधार कार्ड मूळ प्रत, गोळ्या हातातल्या पर्समध्ये, मोठ्या बॅगेत नाही. आणि भावाला सांगा की तिकिटावरच्या वेळेच्या पंधरा मिनिटं आधीच बाहेर येऊन थांब, कारण वर सांगितलं तसं विमान लवकर पोचायची शक्यताच जास्त.